हार्ट्स ऑफ आयर्नसाठी स्वतःचा नकाशा करायचाय, गिम्प उघडून बसलोय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: हार्ट्स ऑफ आयर्न 4 या युद्धाच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये पृथ्वीच्या जागी मनातलं जग टाकायचंय, गिम्प हे चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर घेतलंय, कॅनव्हास कोरा आहे, आणि आधी किनारा काढायचा की देशांच्या सीमा, इथेच गाडी अडलीय. मी याच वाटेने गेलेय आणि पहिला नकाशा पूर्ण झाल्यावर फेकून दिलाय, त्यामुळे थोडं पाल्हाळ सहन करा.

आधी कॅनव्हासचं माप. या गेममध्ये लांबी आणि रुंदी दोन्हींना 256 ने पूर्ण भाग जावा लागतो. मूळ नकाशा 5632 बाय 2048 पिक्सेल आहे, म्हणजे आडवे 22 आणि उभे 8 तुकडे. त्यात अख्खी पृथ्वी बसवलीय, तेव्हा विषुववृत्तावर एक पिक्सेल साधारण सात किलोमीटरचा पडतो. पहिल्याच फटक्यात एवढं मोठं घेऊ नका. 2048 बाय 1024 घ्या. माप नंतर बदलू असंही म्हणू नका, कारण रंगवलेला नकाशा ताणला की काय होतं ते मी भोगलंय.

झालं असं, की मी पहिला नकाशा साध्या ब्रशने रंगवला. दिसायला देखणा होता. गेममध्ये टाकला आणि एरर लॉग (गेमच्या तक्रारींची फाइल) उघडला, तर ओळींवर ओळी, सगळ्या अनोळखी रंगांच्या. काही केल्या कळेना. शेवटी झूम 800 टक्क्यांवर नेऊन एका सीमेवर थांबले. डावीकडे लाल प्रोव्हिन्स (नकाशाचा सर्वांत छोटा तुकडा, प्रत्येकाला स्वतःचा रंग), उजवीकडे निळा, आणि मधे तीन-चार पिक्सेलचा जांभळा पट्टा, त्यातही प्रत्येक पिक्सेलची छटा वेगळी. मला ती सीमा नितळ दिसत होती. गेमला तिथे यादीत नसलेले रंग दिसत होते. गेम नकाशा चित्र म्हणून बघतच नाही, प्रत्येक पिक्सेलचे लाल-हिरवा-निळा हे तीन आकडे वाचतो आणि डेफिनिशन डॉट सीएसव्ही या यादीत शोधतो. आकड्यात एकाने जरी फरक पडला तरी त्याच्या लेखी तो दुसरा प्रोव्हिन्स.

म्हणून काहीही काढण्याआधी कडा मऊ करणारं जे जे आहे ते बंद करा. पेंटब्रशऐवजी पेन्सिल वापरा (एन दाबा). सगळ्या सिलेक्शन टूल्सच्या ऑप्शन्समध्ये अँटीअलायझिंग आणि फेदरची खूण काढा. बकेट फिलमध्येही अँटीअलायझिंग काढा आणि थ्रेशोल्ड शून्य ठेवा. कधी काही लहान-मोठं करायची वेळ आलीच, तर स्केल करताना इंटरपोलेशनमध्ये None निवडा. ही सेटिंग्ज गिम्प बंद करून उघडल्यावर तशीच राहिली आहेत ना, हे दर वेळी बघते. एकदा न बघितल्याने दोन संध्याकाळी वाया गेल्यात.

आता किनारा. हो, किनारा आधी. सीमा नंतर त्याच्या आत येतात.

इथे गंमत अशी, की एवढा वेळ ज्या मऊपणाला शिव्या घातल्या तोच सुरुवातीला कामाला येतो. काळा लेयर घ्या, त्यावर मोठ्या मऊ पांढऱ्या ब्रशने खंडांचे ढोबळ आकार फासा. पाच मिनिटांचं काम, धुरकट ढग वाटले पाहिजेत. त्याच्यावर नवा लेयर घेऊन फिल्टर्स, रेंडर, नॉइझ, सॉलिड नॉइझ. डिटेल भरपूर वाढवा, आणि आपला कॅनव्हास आडवा असल्याने एक्सचा आकडा वायच्या दुप्पट ठेवा, नाहीतर सगळी बेटं ताणलेल्या रबरासारखी दिसतात. टाइलेबलवर खूण करा, कारण या गेमचा नकाशा पूर्व-पश्चिम गोल फिरतो, उजवी कड डावीला जुळावी लागते. मग या लेयरचा मोड ग्रेन मर्ज करा. धुरकट खंडांच्या कडा लगेच कुरतडल्यासारख्या होतील.

नुसत्या नॉइझवर भागवायचा मोह होतो. करून बघा हवं तर, पण जे मिळतं ते जगासारखं कमी आणि स्पंजसारखं जास्त दिसतं. द्वीपकल्प कुठे, सामुद्रधुनी कुठे, कोणता देश समुद्रापासून तोडायचा, हे हातानेच ठरवावं लागतं. स्ट्रॅटेजी गेममध्ये अर्धी लढाई तिथेच ठरते. नॉइझ फक्त कड खडबडीत करायला.

आता हे करड्या रंगाचं चित्र एकत्र करून त्याची एक प्रत बाजूला जपून ठेवा. विसरू नका, ती पुढे लागणार आहे. दुसऱ्या प्रतीवर कलर्समधला थ्रेशोल्ड चालवा. स्लायडर सरकवाल तसं समुद्राचं पाणी चढतं-उतरतं, हा सगळ्या कामातला माझा सर्वांत आवडता क्षण. मनासारखा किनारा आला की थांबा आणि थ्रेशोल्डचा आकडा लिहून ठेवा. आता निव्वळ काळं आणि निव्वळ पांढरं उरलं, मधलं काही नाही.

जपून ठेवलेली करडी प्रत म्हणजे तुमचा जवळजवळ तयार हाइटमॅप, म्हणजे जमिनीची उंची सांगणारं चित्र. गेमला तो आठ बिटचा ग्रेस्केल लागतो आणि समुद्रसपाटी साधारण 95 च्या आसपास असते. खात्रीसाठी मूळ हाइटमॅप उघडून किनाऱ्यालगत कलर पिकर लावून बघा. समजा तुमचा थ्रेशोल्ड 127 होता, तर कर्व्ह्जमध्ये 127 चा बिंदू खाली 95 वर ओढा. उंची आणि किनारा एकाच चित्रातून आल्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळतात. हे वेगवेगळे काढले की डोंगर समुद्रात आणि बंदर टेकडीवर असले प्रकार होतात.

मग प्रोव्हिन्स. सिलेक्ट बाय कलरने जमीन निवडा, म्हणजे पेन्सिल पाण्यात जाणार नाही. बरेच जण आधी काळ्या रेघेने सीमा आखून मधे रंग ओततात. माझं मत विचाराल तर तसं करू नका, मागे उरलेल्या त्या काळ्या रेघा पुसता पुसता जीव जातो. थेट रंगाचे ठिपके टाका आणि पेन्सिलने ते वाढवत एकमेकांना भिडवा. रंग कोणता हे गेमला देणंघेणं नाही, जमीन की समुद्र हे यादीतल्या रकान्यात लिहायचं असतं. मी स्वतःच्या डोळ्यांसाठी समुद्राला निळ्या छटा देते, एवढंच.

भिडवताना एक खोड सांभाळा. दोन बाय दोनच्या चार पिक्सेलमध्ये चार वेगळे रंग आले, म्हणजे चार प्रोव्हिन्स एका टोकावर भेटले, की गेम एक्स क्रॉसिंग म्हणून तक्रार करतो. उपाय सोपा: चारातला एक पिक्सेल शेजाऱ्याच्या रंगाने रंगवा. शोधणं मात्र वैतागवाणं आहे, तेव्हा रंगवतानाच लक्ष ठेवा.

मधून मधून कलर्स, इन्फो, कलरक्यूब ॲनालिसिस चालवा. चित्रात एकूण किती वेगळे रंग आहेत ते सांगतं. प्रोव्हिन्स 60 आणि रंग 64 आले, तर कुठेतरी घाण राहिलीय. हे मला आधी ठाऊक असतं तर तो पहिला नकाशा वाचला असता.

गेमला बीएमपी फाइली लागतात. एक्सपोर्ट करताना अल्फा चॅनल (पारदर्शकतेची माहिती) काढा, बीएमपीच्या खिडकीत कलर स्पेसची माहिती लिहू नको या पर्यायावर खूण करा आणि 24 बिट निवडा. बरोबर झालं का हे फाइलच्या वजनावरून कळतं. 2048 बाय 1024 ची प्रोव्हिन्सेसची फाइल सहा एमबीची हवी. आठ आली तर अल्फा राहिलाय. हाइटमॅप दोनच्या आसपास हवा, सहा आला तर तो ग्रेस्केल झालेलाच नाही.

नद्या आणि टेरेन (जंगल, डोंगर असा जमिनीचा प्रकार) यांच्या फाइली इंडेक्स्ड रंगांच्या असतात, म्हणजे त्यांची पॅलेट, रंगांची यादी, ठरलेली असते. त्या कोऱ्यातून बनवायच्या भानगडीत पडू नका. गेममधली मूळ फाइल उघडा, कॅनव्हास आपल्या मापाचा करा आणि तिच्याच पॅलेटमधून रंगवा. नदी एक पिक्सेल रुंद, तिरकी कुठेच नाही, उगमाला एकच हिरवा पिक्सेल. बस.

आणि हे सगळं पूर्ण रंगवून मग गेम सुरू करायचा, असं करू नका. जमिनीचे चार आणि समुद्राचे दोन प्रोव्हिन्स झाले की थांबा, त्यांना स्टेट आणि स्ट्रॅटेजिक रीजन या प्रोव्हिन्सच्या गटांमध्ये टाका, गेम डीबग मोडमध्ये चालवा आणि एरर लॉग वाचा. सहा प्रोव्हिन्सचा लॉग चहा पिता पिता वाचून होतो. अडलात तर त्यातल्या पहिल्या दहा ओळी इथे टाका, बघते.