त्याला घोड्याची भीती वाटते, हे तिला साखरपुड्यानंतर कळलं

लग्न ठरलेली किंवा प्रेमात असलेली मुलंमुली समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न फिरून फिरून आणतात. माझा जीव ज्यात गुंतलाय ते माझ्या माणसाला आवडत नाही, मग पुढे आमचं जमेल का? कुणाचा जीव भजनात असतो, कुणाचा क्रिकेटमध्ये. आमच्या निपाणी, चिकोडी, रायबागच्या पट्ट्यात तो पुष्कळदा गोठ्यात असतो. शर्यतीच्या बैलजोडीवर, गाडीच्या घोडीवर इथली माणसं पोटच्या पोरासारखी माया करतात आणि त्यावरून घरात भांडणंही होतात. बहुतेक वेळा भांडण करायला बायको येते. या वेळी मात्र घोडी मुलीची होती, म्हणून हा अनुभव मला सविस्तर लिहावासा वाटला. दोघांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मुलगी निपाणीकडची, शाळेत शिक्षिका. आजोबांचा टांगा होता. टांगे बंद पडले तरी घरातलं दावं काही सुटलं नाही. वडिलांनी काही वर्षं घोडागाडीच्या शर्यती केल्या, मग सोडल्या. आता घरी एकच घोडी आहे आणि ती याच घरात जन्मलेली. अकरा महिने वाट पाहून झालेलं शिंगरू तासाभरात चार पायांवर उभं कसं राहिलं, हे सांगताना त्या मुलीचा आवाज बदलायचा. खरारा (अंग घासून साफ करणं), चंदी (दाण्याचा खुराक), पाणी सगळं ती स्वतः करायची. मुलगा बेळगावात शहापूरचा, उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरीला. दोघांची ओळख नात्यातल्या एका लग्नात झाली, दोन वर्षं फोनवर बोलणं झालं आणि घरच्यांनीही फार आढेवेढे न घेता होकार दिला.

सुरुवातीच्या दिवसांत तो तिला म्हणाला होता, ‘मलापण घोडे लई आवडतात.’ तिने ते मनात धरून ठेवलं. साखरपुड्यानंतर वरातीचं बोलणं निघालं, तेव्हा तिने ठरवूनच टाकलं की नवरदेव भाड्याच्या घोड्यावरून यायचा नाही, आपल्या घोडीवरून यायचा. त्यानंतर तो फोन टाळायला लागला. कधी पाठ दुखते म्हणायचा, कधी सुट्टी नाही म्हणायचा. तिला वाटलं याला लग्नच नकोय. शेवटी एकदा गोठ्यात घोडी जोरात फुरफुरली आणि हा गडी मागच्या मागे गवताच्या भाऱ्यावर पडला, तेव्हा खरं कळलं. ती हसली. तिच्या धाकट्या बहिणीने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

माझ्यासमोर बसल्यावर ती म्हणाली, ‘मॅडम, मी ह्याला दोन वर्षं ओळखतो. दोन वर्षांत एकदापण भीती वाटते म्हणून सांगितला नाही. मग आणि काय काय लपवून ठेवलाय कुणाला ठाऊक?’

तो खाली बघत बसला होता. ‘सांगितलो असतो तर तू हसली असतीस,’ एवढंच म्हणाला. ती हसलीच होती, त्यामुळे तिला यावर बोलता आलं नाही.

अशा वेळी ‘खोटं बोललास’ या शब्दावरच बैठक संपू शकते. मी त्याला एकट्याला बोलावलं आणि विचारलं, तिला काय ऐकायला आवडेल ते सोड, तुला घोडा म्हटलं की काय आठवतं? त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली वरातीची. लहान असताना गल्लीतल्या एका वरातीत फटाक्यांची माळ लागली, घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि त्याचे खूर याच्या डोक्याच्या उंचीवरून खाली आले. लागलं नाही, पण अंगातली ती थरथर गेली नाही. दुसरी गोष्ट त्याच्या आजीची. आजी वारकरी. तिने त्याला एकदा वारीतल्या रिंगणाला नेलं होतं. आळंदीहून निघणाऱ्या माऊलींच्या पालखीचे अश्व आपल्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीचे, शितोळे सरकारांचे. दरवर्षी ते अंकलीहून पायी आळंदीला जातात. रिंगणात स्वाराचा घोडा आणि बिनस्वाराचा माऊलींचा अश्व दौडून गेले, की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. त्यानेही लावली होती. ‘त्या दिवशी मला घोडा देवासारखा दिसला,’ असं सांगताना त्याचे डोळे भरून आले.

मग ‘मलापण घोडे आवडतात’ हे त्याचं बोलणं खोटं कसं म्हणायचं? त्याला घोडा आवडत होता, पण दोरीच्या पलीकडून. तिला आवडत होता तो लिदीच्या वासासकट, खुरात अडकलेल्या खड्यासकट. जोडप्यांमध्ये आवड जुळते की नाही हे आपण फार चटकन तपासतो. ती आवड किती अंतरावरची आहे, हे विचारायचं राहून जातं. माझ्या कामात अडचण बहुतेक वेळा याच जागी सापडते.

पुढच्या भेटीत त्याने या दोन्ही आठवणी स्वतःच्या तोंडाने तिला सांगितल्या. अंकलीचं नाव ऐकून ती चमकली, कारण आजोबा तिलाही ते अश्व निघताना दाखवायला नेत असत. पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. तिचा राग खाली आला आणि त्याच्याखालची काळजी वर आली.

मी तिला विचारलं, ‘त्याने घोडीवर बसायलाच हवं, की तुला दुसरं काही हवंय?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आजोबा गेले तेव्हा घोडीनं दोन दिवस चंदीला तोंड लावलं नाही. मी तिच्याजवळ बसून रडत होतो. घरात आलेले पाहुणे म्हणाले, जनावर आहे ते, त्याला काय कळतंय. हा उद्या असं म्हणाला तर मी काय करू?’

आता माझ्यापुढे खरा प्रश्न आला. तिला स्वार नको होता. ज्या दिवशी ती घोडीसाठी रडेल, त्या दिवशी तिला हसणारा किंवा समजूत घालून उठवणारा माणूस नको होता. हे तिलाच माहीत नव्हतं, म्हणून तिने घोडीवर बसण्याची परीक्षा मांडली होती. प्रेमात अशा परीक्षा आपण नकळत मांडतो. पेपर काय आहे हे समोरच्याला सांगतही नाही आणि तो नापास झाला की आपलंच मन मोडतं. मला याची फार कळकळ वाटते, कारण चांगली चांगली नाती अशा न सांगितलेल्या परीक्षांनी तुटताना मी पाहिली आहेत.

भीतीचं काम वेगळं करावं लागलं. भीती असलेल्या माणसाला ‘काही होत नाही, लाव हात’ म्हणून पुढे ढकलणं हा सगळ्यात वाईट उपाय. त्याने भीती पक्की होते. पूर्ण टाळत राहिलं तरी ती वाढतेच. मधला रस्ता पायरी-पायरीने जातो. भीती शून्य ते दहामध्ये किती, हे त्याने स्वतः सांगायचं, आणि आकडा खाली आल्याशिवाय पुढची पायरी नाही. आधी गोठ्याबाहेर खुर्ची टाकून बसायचं. मग ती खरारा करत असताना दारात उभं राहायचं. मग लांबून पाण्याची बादली सरकवायची. हात लावायचा की नाही, हे शेवटपर्यंत त्याच्याच मर्जीवर. थांब म्हणाला की तिने थांबायचं, आणि व्हिडिओ काढायचा नाही. ही शेवटची अट तिने स्वतः घातली आणि बहिणीकडून तो जुना व्हिडिओ पुसून घेतला.

शिकवणं तिच्याकडेच दिलं, कारण जनावराची माहिती तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त थेट मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही, डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. कान पुढे असले तर लक्ष आहे, मागे चिकटवले तर चिडलाय. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. वरातीतला घोडा चवताळला नव्हता, घाबरला होता. हे कळलं तेव्हा त्याच्या मनातलं जुनं चित्र थोडं हललं. ‘म्हणजे त्या दिवशी आम्ही दोघंपण भ्यालो होतो,’ तो म्हणाला.

महिने गेले. तो खांद्यापर्यंत पोचला, एकदा मानेवर हात ठेवला, पुन्हा दोन पायऱ्या मागे आला. असं होतंच. मागे आला म्हणून तिने तोंड वाकडं केलं नाही, याचं मला त्याच्या धिटाईपेक्षा जास्त कौतुक वाटलं.

मग पावसाळ्यातली ती रात्र आली. घोडीच्या पोटात कळ उठली. सारखी पोटाकडे वळून बघत होती, खाली बसून लोळत होती, लीद बंद. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातला वायू आणि अडकलेलं अन्न त्याच्या जिवावर उठतं. ज्यांच्या घरी घोडा आहे त्यांना पोटशूळ या शब्दानेच धडकी भरते. तिने त्याला फोन केला. तो बेळगावातून गाडी काढून सुमारे पाऊणशे किलोमीटर आला. ओळखीचे डॉक्टर बाहेरगावी होते, दुसरे मिळाले त्यांना मराठी जेमतेम. तिचं शिक्षण मराठी माध्यमातलं, कानडी कामापुरतं, आणि त्या रात्री तेवढंही तिला सुचेना. कारखान्यात रोज कानडी बोलणाऱ्या या मुलाने फोन हातात घेतला. लीद कधीपासून नाही, खाणं बदललं का, हिरड्यांचा रंग कसा आहे, सगळं तिला विचारून डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर येईपर्यंत खायला काही द्यायचं नाही असं ते म्हणाले, तेव्हा मायेपोटी गवत घालायला निघालेल्या तिच्या वडिलांना त्यानेच अडवलं. ती घोडीला धरून हळूहळू फिरवत होती आणि हा दहा पावलांवरून बॅटरी धरून बरोबर चालत होता. पहाटे इंजेक्शनानंतर घोडीने लीद टाकली.

माझ्याकडे आल्यावर तिने घोडीबद्दल थोडं आणि त्याच्याबद्दल पुष्कळ सांगितलं. ‘रात्रभर एकदापण म्हणाला नाही, जनावर आहे म्हणून.’ तो त्या रात्री घोडीला हात लावू शकला नव्हता. तिच्या लक्षातही ते आलं नव्हतं.

वरातीचा निर्णय त्यानंतर सोपा झाला आणि तो तिनेच घेतला. बँड, फटाके, डोळ्यांवर पडणारा प्रकाश, अंगाला येणारी गर्दी, हे सगळं आपल्या घोडीच्या वाट्याला का आणायचं, असं ती म्हणू लागली. घोडीवर एवढा जीव असलेल्या मुलीला हे आधी सुचलं नव्हतं, कारण ती स्वप्नाकडे बघत होती. तो गाडीतून आला. घोडी घरी दावणीला राहिली.

यापुढचा भाग रुक्ष आहे, पण तुमच्यापैकी कुणी अशा जागी असेल तर तोच सर्वात आधी करा. जनावराचा खर्च आणि वेळ कागदावर मांडा. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. ही घोडी नऊ वर्षांची, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या पंधराव्या वर्षीही ती असू शकते. चारा, हरभरा, दीड-दोन महिन्यांनी नाल ठोकणारा नालबंद, डॉक्टर, धनुर्वाताची लस, या सगळ्याची त्याने वही केली. कारखान्यात मोजमाप करणारा माणूस, त्याला हे काम मनापासून आवडलं. तिच्या पगारातला ठरलेला भाग घोडीचा, त्यावर सासरी कुणी बोलायचं नाही, हे त्याने आपल्या आईशी लग्नाआधी बोलून घेतलं. ती महिन्यातले दोन रविवार माहेरी जाते, त्यातल्या एकाला तो बरोबर असतो. दुसरा रविवार मुद्दाम तिचा एकटीचा ठेवलाय. तोही मित्रांबरोबर आपला रविवार घालवतो. प्रत्येक आवडीत जोडीदाराला ओढून आणण्याची गरज नाही, हे मी आग्रहाने सांगते.

जोडीदाराला पहिल्यांदा गोठ्यात नेणार असाल, तर आधी घरी विचारा, आणि ‘आवडतं का’ एवढंच विचारू नका. भीती वाटते का, कधी काही घडलं होतं का, किती लांब उभं राहावंसं वाटतं, हे विचारा. उत्तर काहीही आलं तरी हसू नका. आणि तुम्ही घाबरणाऱ्या बाजूला असाल, तर प्रेमाच्या भरात दिलेलं ‘मलापण आवडतं’ लवकर दुरुस्त करा. उशीर झाला की समोरच्याला भीतीपेक्षा लपवणं जास्त लागतं.

तो अजून घोडीवर बसलेला नाही आणि बसायची त्याची इच्छाही नाही. तिने ते मान्य केलंय. एक प्रश्न मात्र उरलाय. तिच्या वडिलांचे गुडघे थकत चाललेत आणि रोजचं दाणापाणी त्यांच्याने फार वर्षं होणार नाही. घोडी बेळगावजवळ आणायची, की निपाणीतच एखादा विश्वासू माणूस ठेवायचा? शहापुरात जागा नाही, गावाबाहेर भाड्याने गोठा घ्यायचा तर पैसे लागतात आणि नऊ वर्षं एका अंगणात राहिलेल्या घोडीला हलवायचं तिच्या जिवावर येतंय. यावर दोघांची मतं अजून वेगळी आहेत. दिवाळीनंतर वडिलांनाही घेऊन बसायचं ठरलंय.