नव्या फोनच्या स्क्रीनविषयीच्या अफवांवर विसंबून थांबावे का? लहान फोन परत येतील का?

आपल्याकडे २०२० सालचा ४.७ इंची आयफोन एसई आहे. ठाणे ते दादर या रोजच्या प्रवासात एक हात लोकलच्या दांडीला गुंतलेला असल्यामुळे फोन एकाच हाताने चालवावा लागतो, त्याची बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या मॉडेलांविषयीच्या बातम्या वाचाव्यात तर प्रत्येक स्क्रीन आधीपेक्षा मोठीच होताना दिसते. तेव्हा या बातम्या कितपत खऱ्या मानाव्यात, आणि लहान फोनची वाट पाहावी की आहे त्यातला एखादा घेऊन टाकावा, असे आपण विचारले आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: वाट पाहू नये, आणि फोन निवडताना इंचांकडे पाहू नये.

मी पुण्यात तापकीर गल्लीत मोबाइलची कव्हरे आणि टेम्पर्ड ग्लास यांचा घाऊक व्यापार करतो. नवा फोन ज्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हाती पडतो त्याच दिवशी त्याला कव्हर हवे असते, म्हणून आम्हाला मालाची ऑर्डर फोन जाहीर होण्याच्या आधीच द्यावी लागते; म्हणजे ज्या अफवा आपण चहा पिताना वाचता त्यांच्यावर माझे पैसे लागलेले असतात. म्हणूनच हे उत्तर लिहिण्याचे धाडस करतो आहे.

प्रथम इंचांचा घोळ. स्क्रीनचे माप कर्णावर घेतात, आणि कर्णाचा आकडा वाढला म्हणजे फोन रुंद झाला असे होत नाही. सॅमसंगचा पहिला गॅलॅक्सी नोट २०११ साली आला तेव्हा त्याच्या ५.३ इंची स्क्रीनची जगभर थट्टा झाली होती. त्या फोनची रुंदी जवळजवळ ८३ मिलिमीटर होती. २०२५ च्या गॅलॅक्सी एस२५ अल्ट्राची स्क्रीन ६.९ इंची आहे आणि त्याची रुंदी ७७.६ मिलिमीटर आहे. म्हणजे चौदा वर्षांत स्क्रीन दीड इंचाहून अधिक वाढली आणि फोन अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक अरुंद झाला. हे घडले कारण स्क्रीनभोवतीच्या जाड कडा गेल्या, खालचे बटण गेले, आणि स्क्रीनच्या उंची-रुंदीचे प्रमाण १६:१० किंवा १६:९ वरून १९.५:९ किंवा २०:९ असे उभट होत गेले. हा बदल एकाच वर्षात पाहायचा असेल तर २०१७ साल घ्यावे: त्याआधीच्या गॅलॅक्सी एस७ ची स्क्रीन ५.१ इंची आणि रुंदी ६९.६ मिलिमीटर होती, तर त्या वर्षीच्या एस८ ची स्क्रीन ५.८ इंची आणि रुंदी ६८.१ मिलिमीटर. ज्याने केवळ इंच वाचून एस८ नाकारला असेल त्याने आधीपेक्षा अरुंद फोन नाकारला.

ज्या बातम्यांनी आपण धास्तावला आहात त्यांचेही तसेच आहे. साध्या आयफोनची स्क्रीन ६.१ इंचांवरून ६.३ इंचांवर जाणार, अशी कुजबुज बरेच महिने चालली होती आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आल्यावर ती खरीही ठरली. पण आयफोन १६ ची रुंदी ७१.६ मिलिमीटर होती आणि १७ ची ७१.५ आहे. वाढली ती उंची, दोन मिलिमीटर, आणि वजन, सात ग्रॅम. बातमी खरी होती, तिच्यावरून लोकांनी काढलेला अर्थ मात्र चुकला होता.

आता अफवांकडे वळतो. सगळ्या अफवा एका मापाने मोजणे हीच मुळात चूक आहे. स्क्रीनच्या मापाची अफवा बहुधा खरी ठरते, कारण पडदा ही ऐनवेळी बदलता येणारी गोष्ट नाही. सॅमसंग डिस्प्ले, एलजी डिस्प्ले किंवा बीओई यांसारख्या कारखान्यांना तो बराच आधी ठरवून द्यावा लागतो आणि एवढ्या हातांतून गेलेली गोष्ट गुप्त राहत नाही. आयफोन १६ प्रो मालिकेच्या स्क्रीन मोठ्या होणार हे पडद्यांच्या व्यवसायाचे विश्लेषक रॉस यंग यांनी मे २०२३ मध्ये सांगितले होते. फोन आले सप्टेंबर २०२४ मध्ये, ६.३ आणि ६.९ इंचांचे.

त्यानंतरच्या टप्प्यावर येतात त्या कॅड चित्रांच्या, म्हणजे संगणकावर काढलेल्या आराखड्यांच्या, आणि डमींच्या बातम्या. डमी म्हणजे फोनच्या बाह्य मापांचा, आत काहीही नसलेला ठोकळा. कव्हरवाले तो हातात घेऊन साचा बनवतात. ही मापे मिलिमीटरच्या दशांशापर्यंत दिलेली असतात आणि बहुतेक वेळा बरोबर निघतात. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. २०११ साली पुढचा आयफोन पाठीमागे निमुळता आणि पातळ असणार अशी इतकी ठाम हवा होती की कव्हरवाल्यांनी तशी कव्हरे बनवूनही ठेवली, आणि ४ ऑक्टोबरला समोर आला तो जवळजवळ जुन्याच अंगाचा आयफोन ४एस. माझीही एक गोष्ट आहे. एका कंपनीच्या येऊ घातलेल्या फोनचा पुढचा कॅमेरा मधोमध असणार, या भरवशावर मी काळ्या कडांच्या सातशे काचा मागवल्या आणि कॅमेरा निघाला कोपऱ्यात. ती खोकी अजून माळ्यावर आहेत. तेव्हापासून माझा नियम असा की मापाच्या अफवेवर पैसे लावावेत, पण कॅमेऱ्याच्या भोकाच्या अफवेवर लावू नयेत.

भारतीय मानक ब्युरोच्या यादीत एखाद्या मॉडेलचा क्रमांक दिसला, अशीही बातमी वारंवार येते. त्यावरून एवढेच कळते की असा फोन आहे आणि तो बहुधा इथे विकला जाणार आहे. त्याची किंमत, तारीख किंवा स्क्रीन यांविषयी तो क्रमांक काहीच सांगत नाही, मथळ्यात काहीही लिहिलेले असो. किमतीच्या अफवा तर मी वाचतच नाही. आणि दोन-दोन वर्षे पुढच्या भाकितांविषयी सांगायचे तर, २०२१ च्या सर्वांत महागड्या आयफोनला चार्जिंगचे छिद्रच नसेल, असे मिंग-ची कुओ यांच्यासारख्या नावाजलेल्या विश्लेषकानेही २०१९ च्या अखेरीस म्हटले होते. छिद्र अजून आहे, फक्त २०२३ पासून ते यूएसबी-सी झाले.

अफवेची परीक्षा कधीकधी आपली आपल्यालाही घेता येते. २०१२ च्या उन्हाळ्यात आयफोन ५ ची स्क्रीन चार इंची होणार, मात्र रुंदी तीच राहणार, असे बोलले जात होते, आणि पुष्कळांना ते अशक्य वाटत होते. हिशेब सोपा आहे. आधीच्या फोनच्या स्क्रीनवर आडवे ६४० ठिपके होते आणि एका इंचात ३२६ ठिपके बसत. हे दोन्ही आकडे तसेच ठेवून कर्ण चार इंचांचा करायचा तर कर्णावर १३०४ ठिपके येतात. पायथागोरसाने उभे ठिपके काढले की उत्तर मिळते ११३६. सप्टेंबरमध्ये फोन आला तो अगदी ११३६ गुणिले ६४० ठिपक्यांचा, आणि ५८.६ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे आयफोन ४ इतकाच रुंद. दहावीच्या भूमितीचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

लहान आणि मोठ्या स्क्रीनवाल्यांचे भांडण त्याहूनही जुने आहे. जुलै २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मोठे फोन हाताच्या मुठीत मावत नाहीत, ते कोण घेणार, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्यानंतर चारच वर्षांनी त्यांच्याच कंपनीने ४.७ आणि ५.५ इंचांचे आयफोन ६ आणि ६ प्लस आणले आणि पहिल्या तीन दिवसांत एक कोटीहून अधिक विकले. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरात फोन हाच एकमेव खासगी पडदा होता तिथे मालिका, क्रिकेट आणि व्हिडिओ कॉल सगळे त्याच्यावर आले. मग दुकानात येणारा माणूस मोठाच फोन मागू लागला, यात नवल नव्हते.

मात्र या भांडणात एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, ती मराठी वाचकाला लवकर कळावी. आमच्या आईने फोनवरची अक्षरे सर्वांत मोठी करून ठेवली आहेत. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द असतो, आणि अक्षरे मोठी केली की अरुंद पडद्यावर एका ओळीत दोन-तीन शब्दच मावतात. फोन उंच झाल्याने तिला काहीच मिळत नाही, तिला हवी असते रुंदी. आपल्याला मात्र तीच रुंदी कमी हवी आहे. लहान-मोठ्याच्या वादात दोन्ही बाजू खरे तर त्याच चार-पाच मिलिमीटरसाठी भांडत असतात, आणि इंचांचा आकडा त्या दोघांनाही फसवतो.

आता लहान फोन परत येतील का, याविषयी. आयफोन १२ मिनी २०२० मध्ये आणि १३ मिनी २०२१ मध्ये आला. १३ मिनीची स्क्रीन ५.४ इंची, रुंदी ६४.२ मिलिमीटर आणि वजन १४० ग्रॅम. म्हणजे तो आपल्या एसईपेक्षा तीन मिलिमीटर अरुंद होता आणि तरी त्याची स्क्रीन मोठी होती. पुढच्या वर्षी मिनीच्या जागी ६.७ इंची प्लस आला. असूसचे ५.९ इंची झेनफोन ९ आणि १० संपले आणि २०२४ मध्ये त्यांच्या जागी ६.७८ इंची फोन आला. आपल्या एसईच्या घराण्याचा शेवट फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.१ इंची आयफोन १६ई ने झाला. याचे कारण केवळ आवडीनिवडीत नाही. फोन लहान करताना कॅमेरा लहान करता येत नाही, मुख्य सर्किटही फारसे आकसत नाही. जी जागा कापली जाते ती जवळजवळ सगळी बॅटरीची असते, आणि बॅटरी टिकत नाही ही तक्रार घेऊन लोक लहान फोन सोडतात. आपणही त्याच तक्रारीने लिहिले आहे.

आशेची जागा आहे ती इथेच. बॅटरीच्या ऋणाग्रात, म्हणजे ऋण टोकात, ग्रॅफाइटसोबत सिलिकॉन-कार्बन वापरले की तेवढ्याच जागेत अधिक लिथियम मावतो. त्यामुळे १३ मिनीत जेमतेम २४०० एमएएचची (हे बॅटरीच्या क्षमतेचे माप) बॅटरी असताना, २०२५ मध्ये भारतात आलेल्या ६.३२ इंची वनप्लस १३एस मध्ये ५८५० आणि ६.३१ इंची विवो एक्स२०० एफई मध्ये ६५०० एमएएच बसली. कंपन्या या मापाला आता ‘कॉम्पॅक्ट’ म्हणू लागल्या आहेत. आपल्याला हा शब्द हास्यास्पद वाटेल, मलाही वाटतो, पण एका हाताचा फोन आता याच मापात येईल असे मला वाटते. त्याहून लहान फोनाची वाट पाहणे मी सोडून दिले आहे. घडीच्या आयफोनविषयी सध्या जोरात बातम्या आहेत आणि त्याची बाहेरची स्क्रीन साडेपाच इंचांच्या आसपास असेल असे कुओ यांनी मार्च २०२५ मध्ये म्हटले आहे. मात्र दोन्ही पाती मिटल्यावर हातात राहते ती दुप्पट जाडी, आणि किंमत पाहता तो लोकलच्या गर्दीत बाहेर काढण्यासारखा असेल असे वाटत नाही.

राहिला आपला निर्णय. आपला एसई ६७.३ मिलिमीटर रुंद, १३८.४ उंच आणि १४८ ग्रॅम वजनाचा आहे. गॅलॅक्सी एस२५ हा ७०.५ रुंद, १४६.९ उंच, १६२ ग्रॅम. आयफोन १७ हा ७१.५ रुंद, १४९.६ उंच, १७७ ग्रॅम. रुंदीचा फरक तीन-चार मिलिमीटरचा आहे आणि मुठीला तो आठवडाभरात अंगवळणी पडेल. अडचण येईल ती अंगठ्याला, कारण आपल्या स्क्रीनची उंची सुमारे १०४ मिलिमीटर आहे आणि एस२५ ची सुमारे १४३. वरच्या कोपऱ्यातले बटण एका हाताने गाठता येणार नाही. त्यासाठी आयफोनवर स्क्रीन खाली ओढण्याची आणि गॅलॅक्सीवर ती आकसून लहान करण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी सुरू करून घ्यावी. आयफोनवर सफारीचा पत्ता २०२१ पासून खालीच ठेवता येतो.

दुकानात जाण्यापूर्वी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांचे थर चिकटवून या दोन मापांचे ठोकळे कापावेत आणि दोन दिवस लोकलमध्ये धरून पाहावेत. कापताना रुंदी तीन मिलिमीटर जास्त घ्यावी, कारण कोणतेही कव्हर निदान तेवढी तरी वाढवतेच, आणि कव्हर न घालण्याचा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही.