मास्टर्सच्या अर्जाआधी देणगीदारांची यादी उघड

सप्रेम नमस्कार,

निधीसंकलनाची मास्टर्स आत्ताच करावी की आधी नोकरी, हा तुझा प्रश्न. उत्तर सरळ आहे: निदान दोन वर्षं कुठल्यातरी संस्थेत देणग्या मागण्याचं काम कर, मग जा. का, ते पुढे येईलच. आधी पदव्यांच्या नावांबद्दल, कारण तिथेच बरेच जण फसतात.

सारख्या वाटणाऱ्या नावांखाली वेगवेगळं शिक्षण असतं. ‘नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट’मध्ये संस्था चालवायला शिकवतात: हिशेब, विश्वस्त मंडळ, मनुष्यबळ, आणि निधीसंकलनाचा एखाद-दुसरा पेपर. ‘फिलान्थ्रॉपिक स्टडीज’मध्ये माणसं का देतात हे इतिहास, अर्थशास्त्र आणि नीतिशास्त्राच्या अंगाने शिकतात. इंग्लंडातल्या केंट विद्यापीठाचा अभ्यासक्रम या जातीचा. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या लिली स्कूलमध्ये हे आहेच, शिवाय हँक रोसो यांनी १९७४ मध्ये सुरू केलेलं ‘द फंड रेझिंग स्कूल’ही आता त्याच छत्राखाली आहे, तिथले वर्ग छोटे आणि कामापुरते असतात. निव्वळ निधीसंकलनाची पदवी फार थोड्या ठिकाणी मिळते. म्हणून माहितीपुस्तिकेतले हसरे चेहरे सोडून दे आणि प्रत्येक विषयाचा तपशीलवार आराखडा मागव. त्यात एवढंच बघ: विद्यार्थ्याला स्वतः देणग्यांचं कोष्टक मांडायला, प्रस्ताव लिहायला आणि समोर बसून पैसे मागायला लावतात का?

कोष्टक म्हणजे काय, ते दाखवतो. समज, मोहिमेचं लक्ष्य एक कोटी. नवशिका भागाकार करतो: हजार माणसं, प्रत्येकी दहा हजार. हे फसतं, कारण जो वीस लाख देऊ शकला असता तोही दहा हजारांत सुटतो, आणि हजारातले बरेचसे काहीच देत नाहीत. जाणकार वरून सुरुवात करतो. २० लाखांची १ देणगी, १० लाखांच्या २, ५ लाखांच्या ४, २ लाखांच्या ८. एवढ्या १५ देणग्यांत ७६ लाख झाले. उरलेले २४ लाख छोट्या देणग्यांतून. आता प्रत्येक मोठ्या देणगीमागे तीन ते चार नावं हवीत, कारण होकार सगळीकडून येत नाही. म्हणजे ४५ ते ६० माणसं, आणि तीही अशी की ज्यांच्याकडे ऐपत आहे, संस्थेबद्दल आस्था आहे आणि ज्यांना ओळखणारं कुणीतरी आपल्याकडे आहे. यादी २० नावांवर अडली, तर लक्ष्य चुकलंय हे मोहीम जाहीर होण्याआधीच कळतं. म्हणूनच निम्मी-अधिक रक्कम पदरात पडेपर्यंत जाहीर घोषणा करत नाहीत. हे वर्गात तासाभरात समजतं. पण त्या साठ नावांपैकी एकाला फोन लावताना घसा का कोरडा पडतो, ते पुस्तकातून समजत नाही. दोन वर्षं म्हणतो ती यासाठी.

दुसरी गोष्ट, आकडे. गेल्या वर्षी ४०० देणगीदार, यंदा ४२०. मंडळ खूश. यादी उघडून बघ: जुन्या ४०० पैकी फक्त १८० परत आले, बाकी २४० नवे. म्हणजे टिकण्याचं प्रमाण ४५ टक्के. नवा देणगीदार मिळवायला लागणारा खर्च त्याच्या पहिल्या देणगीतून अनेकदा भरूनही निघत नाही, तेव्हा ही वाढ महागात पडलेली असते. लोक जातात कारण आभार उशिरा पोचतात, पैशाचं काय झालं ते कुणी कळवत नाही, आणि पुढचं पत्र येतं ते थेट मागणीचंच. प्रबंधाला विषय शोधत बसू नकोस. आपल्याच संस्थेची पाच वर्षांची यादी घे, नावं-पत्ते काढून टाक, संस्थेची लेखी परवानगी घे आणि कोण का गळलं ते तपास. नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रबंध बोलेल.

सिद्धान्ताला मात्र नाक मुरडू नकोस. अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रिओनी यांनी १९९० मध्ये मांडलेली ‘वॉर्म ग्लो’ची कल्पना, म्हणजे देणाऱ्याला देण्यातूनच एक समाधान मिळतं, ही नीट समजली की आभाराचं पत्र वेगळं लिहिलं जातं. नीतीचा पेपर तर ऐच्छिक असला तरी घे. गोळा केलेल्या रकमेवर टक्केवारीने मोबदला घेणं या व्यवसायाच्या आचारसंहितेत निषिद्ध आहे, आणि नेमका तोच प्रस्ताव पहिल्या नोकरीत तुझ्यासमोर येईल. कारण साधं: टक्केवारीवर काम करणारा आजच रक्कम पदरात पाडायला बघतो, आणि देणगीदाराशी नातं तुटतं.

सीएफआरई (सर्टिफाइड फंड रेझिंग एक्झिक्युटिव्ह) हे निधीसंकलकांसाठीचं व्यावसायिक प्रमाणपत्र पदवीला पर्याय नव्हे. त्याला अनुभव लागतो, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण. पदवीतले काही विषय तिथे धरले जातात का, एवढं विद्यापीठाला विचारून ठेव.

पैशाचं बोलायचं तर, फक्त या पदवीसाठी मोठं कर्ज काढू नकोस. छोट्या संस्थांतले पगार ते फेडायला पुरत नाहीत. नोकरी सांभाळून करता येईल असा अर्धवेळ अभ्यासक्रम बहुतेकांना परवडतो. शिवाय सोमवारी शिकलेलं मंगळवारी कामावर वापरता येतं.

अर्जाबरोबरचं निवेदन लिहून झालं की मला पाठव. समाजासाठी काहीतरी करायचंय हे वाक्य आधीच काढून टाक, आणि तिथे तू ज्या माणसाकडे पैसे मागितलेस आणि नकार मिळाला, तो प्रसंग लिही: किती मागितले, कधी मागितले, आणि आज मागायचे झाले तर काय बदलशील.

तुझा शुभचिंतक