नववीच्या मुलांना ग्रंथालयाचा कॅटलॉग शोधायला कसं शिकवावं?

तुम्ही म्हणता तशी मुलं कॅटलॉगमध्ये गूगलसारखा अख्खा प्रश्न टाकतात आणि ‘पुस्तकच नाहीये’ म्हणून निघून जातात. मी नाशिकला शाळेत ग्रंथपाल आहे, माझ्याकडे हे रोजचंच.

मी पहिला तास कॉम्प्युटर बंद ठेवूनच घेते. गेल्या वर्षी प्रकल्पासाठी एकाने टाकलं, ‘पांडवलेणी कोणी बांधली’. शून्य नोंदी. (लेणी बांधत नाहीत रे, कोरतात, हे आधी सांगून झालं.) मग मुलांना सांगितलं, कॅटलॉगला पुस्तकाच्या आतलं काही वाचता येत नाही. ग्रंथनाम, लेखक, विषय, एवढंच कोणीतरी भरलेलं असतं. तेव्हा भरणाऱ्याने कुठला शब्द टाकला असेल, ते ओळखा. फळ्यावर यादी झाली: त्रिरश्मी (लेण्यांचा डोंगर), लेणी, शिलालेख, सातवाहन. ‘सातवाहन’वर तीन पुस्तकं आली. एकात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेण्यातला लेख सापडला, आणि लेणी बौद्ध आहेत, पांडवांचं फक्त नाव, हेही पोरांना तिथेच कळलं.

लेखकाने शोधायला शिकवताना आपले तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, फार उपयोगी पडतात. ‘कुसुमाग्रज’ टाकलं की कविता येतात, ‘नटसम्राट’ काही येत नाही, ते वि. वा. शिरवाडकर या नावावर. दोन्ही नावं जोडून ठेवणं खरं तर आम्हा ग्रंथपालांचं काम, पण सगळीकडे ते झालेलं नसतं. आमच्याकडच्या जुन्या नोंदी तर रोमन लिपीत आहेत, त्यात शिरवाडकरमधला ‘वा’ कुठे ‘डब्ल्यू’ने, कुठे ‘व्ही’ने. म्हणून मुलांना आडनावाचा तुकडाच टाकायला सांगते. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच: ‘कवीता’ लिहिलंत तर कॅटलॉग गूगलसारखा चूक सुधारून देत नाही.

एक पुस्तक सापडलं की नोंद बंद करू देऊ नका. त्यातला विषय आणि वर्गांक (विषयानुसार पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा आकडा) चिठ्ठीवर उतरवायचा आणि थेट कपाटाशी जायचं. ड्युईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे लावलेलं असेल तर मराठी कविता ८९१.४६१ ला, नाटकं शेजारी ८९१.४६२ ला. वर्गांकाऐवजी दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात आलं त्या क्रमाचा नंबर) उतरवून आणणारा एक तरी निघतोच, त्याला परत पाठवा.

आणि एका कॉम्प्युटरवर तिघंच बसवा. चौथा मोबाईल काढतो.