'सेट' या एकाच इंग्रजी क्रियापदाला इतके अर्थ कसे?

इतवारीतला सराफ अंगठीत खडा सेट करतो, नागपुरी हलवाई संत्रा बर्फी सेट व्हायला ठेवतो आणि इंग्रजीत सूर्यही सेटच होतो. हे सारे एकच क्रियापद कसे, असा आपला प्रश्न आहे. जुन्या इंग्रजीतील 'सेट्टन' हे 'सिट'च्या मूळ रूपाचे प्रयोजक, म्हणजे आपल्या बसणे-बसवणे या जोडीसारखे; त्यामुळे सराफाचा प्रयोग मूळ अर्थाला सर्वांत जवळचा, तर घट्ट होणे, मावळणे, ठरवणे हे अर्थ त्यातूनच पुढे फुटत गेले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते. 'टी-सेट'मधील संचवाचक नाम मात्र मुख्यतः लॅटिन 'सेक्टा'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेले आहे, त्यामुळे त्याला सरसकट या क्रियापदाच्या पोटी घालू नये.