वॉरंटी संपली आणि कूलिंग कॉइल गेली: कंपनी मुद्दाम करते का?

गाडीची तीन वर्षांची वॉरंटी एप्रिलमध्ये संपली, जूनमध्ये एसीची कूलिंग कॉइल लीक झाली, मग हे कंपनी मुद्दाम करते का, असं विचारलंय तुम्ही. चीड येणं साहजिक आहे. २२ वर्षं गॅरेज चालवतोय, महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न ऐकतो.

तारीख बघून बिघडणारा पार्ट मी अजून पाहिलेला नाही. कॉइल अ‍ॅल्युमिनियमची, नळ्या अगदी पातळ. तिच्यावर सतत पाणी सुटतं, धूळ-पाचोळा चिकटतो आणि त्या ओल्या थराखाली धातू खात जाऊन बारीक भोकं पडतात. हे तीन वर्षं चाललं होतं, तुम्हाला कळलं जूनमध्ये.

म्हणून कंपनीला मी निर्दोष ठरवत नाही. वॉरंटीत गेलेला पार्ट तिच्या खिशातून जातो, त्यामुळे तेवढा काळ नीट निघेल याची ती काळजी घेते. पुढचं तुमचं तुम्ही. थर्मोस्टॅटचं हाउसिंग बघा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा प्रवाह सांभाळणाऱ्या पार्टचं कवच. पूर्वी ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं यायचं, आता बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचं असतं आणि गरम-गार होऊन ठिसूळ होतं. गेल्या आठवड्यात एका गाडीचा होज (रबरी पाइप) काढताना या हाउसिंगची मानच हातात आली, खारी मोडावी तशी. कडेला वाळलेल्या कूलंटचे गुलाबी-पांढरे डाग, म्हणजे गळती जुनीच.

माझा खरा राग दुरुस्तीच्या अडवणुकीवर आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू देत नाहीत म्हणून. आजही काही गाड्या मला केवळ बिघाड वाचणाऱ्या कंपनीच्या स्कॅनरपायी परत पाठवाव्या लागतात. दहा रुपयांचं सील हवं असतं आणि मिळतो अख्खा सेट.

आता तुमचं बघू. जुनी जॉबकार्डं, म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळच्या तक्रार-कामाच्या नोंदी, काढा. वॉरंटी चालू असताना ‘एसी गार करत नाही’ अशी एखादी नोंद सापडली, तर तिची प्रत जोडून कंपनीला ईमेल करा आणि गुडविलमध्ये, म्हणजे वॉरंटी संपली तरी सवलत म्हणून, पार्ट मागा. मजुरीही आधी लेखी घ्या, कारण बहुतेक गाड्यांत या कामाला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

तोवर नुसता गॅस भरून एसी चालवू नका. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसरला तेल पोचत नाही, आणि मग तोही जातो.