वाचकांचे प्रश्न : नवे रॉकेट आधी कोणाचे उडणार?

प्रश्न : खासगी कंपन्या नव्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाची तारीख जाहीर करतात आणि ती हमखास पुढे जाते. अशी अनेक रॉकेटे एकाच वेळी तयार होत असतील, तर त्यांपैकी कोणते आधी उडेल याचा अंदाज सामान्य वाचकाला बांधता येतो का? आपल्याकडील विक्रम आणि अग्निबाण या खासगी रॉकेटांनाही तोच निकष लावता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बांधता येतो, मात्र जाहीर झालेली तारीख आधी बाजूला ठेवावी लागते. गेल्या दशकाच्या मध्यावर चार मोठ्या रॉकेटांच्या घोषणा झाल्या होत्या : अमेरिकेतील युनायटेड लाँच अलायन्सचे व्हल्कन, ब्लू ओरिजिनचे न्यू ग्लेन, युरोपचे एरियान-६ आणि जपानी अंतराळसंस्थेने मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजबरोबर हाती घेतलेले एच-३. व्हल्कन २०१९ मध्ये आणि उरलेली तिन्ही २०२० च्या सुमारास उडतील, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात एच-३ ने ७ मार्च २०२३ रोजी, व्हल्कनने ८ जानेवारी २०२४ रोजी, एरियान-६ ने ९ जुलै २०२४ रोजी आणि न्यू ग्लेनने १६ जानेवारी २०२५ रोजी उड्डाण केले. तारखा सगळ्यांच्याच चुकल्या. पण निदान व्हल्कन आणि न्यू ग्लेन यांचा क्रम इंजिनांकडे पाहून बराच आधी ओळखता आला असता.

या दोन्ही कंपन्या प्रतिस्पर्धी असल्या, तरी दोघींच्या रॉकेटांच्या पहिल्या टप्प्यात बीई-४ हे एकच, मिथेनवर चालणारे इंजिन आहे आणि ते ब्लू ओरिजिन बनवते. व्हल्कनला अशी दोन इंजिने पुरतात, न्यू ग्लेनला सात लागतात. व्हल्कनसाठी उड्डाणयोग्य अशी पहिली जोडी २०२२ च्या अखेरीकडे हाती आली. ज्या कारखान्यातून इंजिने इतक्या संथपणे बाहेर पडतात, तेथे दोन मागणाऱ्याचे काम सात मागणाऱ्याच्या आधी होणार, हा साधा हिशेब आहे. गंमत अशी की, इंजिन ज्याचे त्याचेच रॉकेट मागे राहिले. एच-३ चेही घोडे इंजिनापाशीच अडले होते. मे २०२० मधील चाचणीत त्याच्या एलई-९ इंजिनाच्या दहनकक्षाला आणि टर्बाइनला इजा झाल्याचे आढळले, आणि त्यानंतर उड्डाण एकदा नव्हे तर पुनःपुन्हा पुढे ढकलावे लागले.

अर्थात, इंजिनावरून सगळेच कळते असे नाही. एरियान-६ चे मुख्य इंजिन हे एरियान-५ च्या इंजिनाचीच सुधारित आवृत्ती होती आणि वरच्या टप्प्याचे विंची इंजिनही वर्षानुवर्षे चाचण्यांतून गेलेले होते. तरीही ते रॉकेट चार वर्षे रखडले. म्हणून दुसरी खूण पाहावी : संपूर्ण जुळवलेले रॉकेट स्वतःच्या उड्डाणतळावर उभे करून, त्याला जखडून ठेवून, इंजिने पेटवून पाहिली आहेत का? एरियान-६ ची अशी दीर्घ चाचणी फ्रेंच गयानातील कुरू येथे २३ नोव्हेंबर २०२३ रोजी झाली आणि उड्डाणाला त्यानंतर साडेसात महिने लागले. व्हल्कनची चाचणी जून २०२३ मध्ये झाली, पण त्याआधीच, मार्चमध्ये, त्याचा वरचा टप्पा एका चाचणीत स्फोट होऊन नष्ट झाला होता. त्या दुरुस्तीपायी तेथेही सात महिने गेले. न्यू ग्लेन मात्र २७ डिसेंबर २०२४ च्या चाचणीनंतर तीन आठवड्यांत उडाले. ही चाचणी होईपर्यंत कंपनीने सांगितलेला महिना मी तरी गंभीरपणे घेत नाही.

तिसरी खूण ग्राहकाची आहे, आणि ती वाचकांच्या नजरेतून सहसा निसटते. मंगळाकडे जाणारी नासाची एस्केपेड ही दोन याने न्यू ग्लेनच्या पहिल्या उड्डाणातून ऑक्टोबर २०२४ मध्ये जाणार होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला नासाने यानांत इंधन न भरण्याचा निर्णय घेतला. कंपनीने काहीही सांगितले असते, तरी ग्राहकाचा अंदाज त्या एका निर्णयातून उघड झाला होता.

मात्र पैज लावण्यापूर्वी ‘आधी’ कशात, हे ठरवून घ्यावे. एच-३ सर्वांत आधी उडाले खरे, पण त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे इंजिन पेटलेच नाही आणि ते उपग्रहासह नष्ट करावे लागले. ते कक्षेत पोहोचले १७ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे व्हल्कननंतर. मिथेनवर चालणाऱ्या रॉकेटांच्या शर्यतीत तर सर्वांचे लक्ष अमेरिकेकडे असताना चीनमधील लँडस्पेस या खासगी कंपनीचे झुचे-२ हे १२ जुलै २०२३ रोजी सर्वांत आधी कक्षेत गेले.

आपल्याकडे स्कायरूट या खासगी कंपनीचे विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आणि अग्निकुल या दुसऱ्या खासगी कंपनीचे अग्निबाण ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाले. दोन्ही उड्डाणे कक्षेत जाण्यासाठी नव्हती. विक्रम-एस घन इंधनाचे होते. अग्निबाणात त्रिमितीय छपाईने बनवलेले, केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारे इंजिन होते, आणि त्याचे उड्डाण आधी अनेकदा रद्द करावे लागले होते. कक्षेत जाण्यासाठी आखलेल्या विक्रम-१ चे खालचे तिन्ही टप्पे घन इंधनाचे आहेत, त्यांत पंप किंवा झडपांची गुंतागुंत नाही. त्यामुळे निव्वळ इंजिनाच्या निकषावर माझे झुकते माप विक्रम-१ ला राहील. सर्वांत वरचा भाग द्रव इंधनाचा असल्याने त्याच्या चाचण्यांकडे मात्र लक्ष ठेवावे.